हिंदुरावांची नादारी

हिंदुराव शेलारांच्या खानावळीत मी तीन वर्षं जेवलो आणि तीन वर्षं आमटी तिखटजाळ असल्याची तक्रार केली. त्यांचं उत्तर ठरलेलं: "भाऊसाहेब, उद्या कमी घालतो." तो उद्या काही उजाडला नाही. पिंपरीला औषधांच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं तेव्हाची, म्हणजे त्रेपन्न-चौपन्न सालापासूनची ही हकीकत. मी एका कंत्राटदाराकडे हजेरी कारकून होतो. नगरहून आलेला, बिनलग्नाचा आणि डोक्याने जरा तापट. आता म्हातारपणी मी निवळलो आहे असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही.

हिंदुराव माण तालुक्यातले. गवंड्यांच्या टोळीबरोबर विटा वाहायला आले आणि दुपारच्या सुट्टीत माणसं कोरडी भाकर कांद्याशी खातात हे बघून त्यांचं मन विटांवरून उडालं. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला भाड्याच्या जागेत त्यांनी पत्र्याची शेड उभी केली, गावाहून बायकोला आणलं आणि चूल पेटवली. बायको यशोदाबाई. ती भाकरी थापायची, हे वाढायचे. वाढताना हात असा सैल की कोणी "पुरे" म्हटलं तरी पळीभर आमटी पानात पडायचीच. "खानावळ आहे की लग्नघर?" असं मी एकदा विचारलं, तर यशोदाबाई चुलीपासून म्हणाली, "तेच मी रोज इचारते."

त्या खानावळीत जेवणाखेरीज आणखी एक व्यवहार चाले. शनिवारी मजुरांना हप्ता मिळायचा. गवंडी, बिगारी, घमेली उचलणाऱ्या बाया, सगळी परजिल्ह्यांतून आलेली. राहायला गोणपाटाच्या झोपड्या, दाराला कडी नाही. पोस्टात खातं काढायचं तर सही येत नाही आणि खिडकीवरचा बाबू खेकसतो. मग ही माणसं हप्त्यातले दोन-चार रुपये हिंदुरावांच्या हातात देत आणि म्हणत, "ठेवा तुमच्यापाशी." कागद नाही, पत्र नाही. यशोदाबाई ज्याचे त्याचे पैसे ज्याच्या त्याच्या चिंधीत बांधून ट्रंकेत टाकी. लातूरकडच्या अंबूबाईची चिंधी हिरवी होती. ती विधवा बाई दिवसभर चुना-वाळू वाहायची आणि झोपडीवर पत्रे घालायचे म्हणून पैसे साठवायची.

पंचावन्न सालात बांधकाम उरकलं. बहुतेक टोळ्या पांगल्या, मागे आसपासच्या कामांवर राहिल्या त्या जास्त करून बायाच; जाणाऱ्या कित्येकांनी जेवणाची बाकी ठेवली ती ठेवलीच. कारखाना सुरू झाला आणि आत कँटीन निघालं. तिथे स्वस्तात भरपूर जेवण. मीसुद्धा कारखान्यात चिकटलो होतो. दुपारी कँटीनमध्ये आणि रात्री हिंदुरावांकडे, अशी माझी सोय झाली. हिंदुरावांची मात्र पंचाईत झाली. पन्नास पानांची वीस पानं झाली तरी हा गृहस्थ पन्नासांचाच स्वयंपाक करायचा. "उद्या येतील की," म्हणायचा. उरलेलं अन्न वाटून टाकायचा. मला भारी राग यायचा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा तो सगळा कारभार.

धान्य आणि सरपण येई सोपानरावांच्या वखारीतून, उधारीवर. सोपानराव थेरगावचे जुने बागाईतदार. चिंचवड स्टेशनाजवळ त्यांनी वखार घातली होती. बोलायला गोड, हिशेबाला कडक. उधारी वाढली तेव्हा त्यांनी हिंदुरावांकडून प्रॉमिसरी नोट लिहून घेतली. तरी पैसे येईनात म्हणून पुण्याच्या कोर्टात गेले आणि खर्चासकट सतराशे रुपयांचा हुकूमनामा घेऊन आले. यात त्यांचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. ज्वारी त्यांची होती.

हुकूमनाम्यापेक्षाही वाईट गोष्ट मला नंतर कळली. पावसाळ्यात जागेचं भाडं थकलं तेव्हा हिंदुरावांनी ट्रंकेतल्या चिंध्या सोडल्या होत्या. एक सोडली, मग दुसरी. दिवाळीपर्यंत ट्रंकेत रिकाम्या चिंध्या तेवढ्या राहिल्या. यशोदाबाई त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही.

मीच त्यांना नादारीचं सुचवलं. देणं फिटण्यापलीकडे गेलं की माणसाने कोर्टात जाऊन कबूल करावं, जे असेल ते समोर ठेवावं, कोर्ट ते विकून सगळ्यांना वाटून देतं आणि कालांतराने बाकीच्या देण्यातून माणसाला मोकळं करतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. दिवाळं काढणं म्हटलं की लोक नाक मुरडतात. मी म्हटलं, मुरडू देत, नाक त्यांचं आहे. हिंदुरावांनी आठ-दहा दिवस विचार केला आणि एका सकाळी म्हणाले, "चला. पन हिला बी घ्या संगं. सवाल हिला सुचत्यात."

पुण्यात कसब्यात लक्ष्मणराव नावाचे वकील होते. आमच्या हेडक्लार्कच्या ओळखीचे. वयस्कर, सावकाश बोलणारे. ओळख निघाली म्हणून फी नंतर घेऊ म्हणाले. आम्ही सतरंजीवर बसलो.

"अर्ज लिहिणं अर्ध्या तासाचं काम आहे," ते म्हणाले. "त्याआधी मी विचारतो त्याची उत्तरं द्या. खोटं बोललात तर पुढे मी काही करू शकणार नाही. एकूण देणं किती?"

हिंदुरावांनी सांगितलं.

"पाचशेच्या वर आहे, म्हणजे अर्ज चालेल. तुम्हाला कोणी जामीन राहिलंय?"

"न्हाई."

"हे बरं झालं. नादारीने तुम्ही सुटाल, जामीन सुटत नाही. पुष्कळ जण स्वतः सुटतात आणि मेव्हण्याला बुडवतात. गावी जमीन?"

"भावाच्या नि माज्या नावावर. पडीकच हाय."

"तुमचा हिस्सा कोर्टाच्या हातात जाईल. भावाला आधी सांगा. त्याला गावात दवंडीने कळलं तर जन्मभर तोंड बघणार नाही."

इथे यशोदाबाई पुढे सरकली. "आन माजी चूल? भांडी?"

"स्वयंपाकाला लागतील तेवढी भांडी, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र. याला कोणी हात लावत नाही. खानावळीची मोठी पातेली, बाकडी जातील."

"पातेली गेलीत आदीच," ती म्हणाली. मला वाटलं, गहाण पडली असतील.

"सुटका होईपर्यंत पन्नास रुपयांच्या वर उधार घ्यायचं तर समोरच्याला आधी सांगावं लागेल, की मी नादार आहे. लपवलंत तर गुन्हा. नाव सरकारी गॅझेटात छापून येईल. हे सगळं पचवायची तयारी आहे?"

हिंदुरावांनी मान डोलावली. गॅझेटचं त्यांना विशेष काही वाटलं नसावं. माण तालुक्यात ते कोण वाचतो?

"आणि त्याने तुम्हाला काय मिळेल तेही ऐका. सोपानरावांनी उद्या वसुलीची दरखास्त दिली तर जप्ती येईल. पैसे असून लपवलेत असं कोर्टाला पटलं तर दिवाणी तुरुंगही दाखवतील. नादारीचा अर्ज पडला की कोर्टाकडून त्यापासून संरक्षण मागता येतं. आता शेवटचं. गेल्या काही महिन्यांत कोणाला काही दिलंत? विकलंत? कोणाचं देणं फेडलंत?"

हिंदुराव त्या दिवसात पहिल्यांदा ताठ बसले. "व्हय. समद्यांच्या ठेवी दिल्या परत. एक रुपाया ठेवला न्हाई."

आणि मग त्यांनी सांगितलं. मी नादारीचं सुचवल्यावर जे आठ-दहा दिवस गेले, त्यात यशोदाबाईची सोन्याच्या पुतळ्यांची माळ रविवार पेठेत विकली गेली होती. मोठी तांब्याची पातेली गेली होती. आलेले पैसे चिंध्यांत पुन्हा बांधून नवरा-बायको झोपडी-झोपडीत फिरली होती, सगळ्यांत आधी अंबूबाईकडे. पाचशे-सव्वापाचशे रुपये. दिवाळं काढायचं तर दुसऱ्याची ठेव घरात ठेवून काढू नये, हा त्यांचा विचार. मला त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

वकिलांनी चष्मा काढला. "हे तुम्ही फार चांगलं केलंत आणि फार वाईट केलंत," ते म्हणाले. "देणं फेडायची ऐपत उरलेली नाही हे माहीत असताना एका घेणेकऱ्याला देऊन दुसऱ्याला मागे ठेवणं, याला कायदा पक्षपात म्हणतो. ते दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत नादारीचा अर्ज पडला, तर कोर्टाने नेमलेला माणूस ती रक्कम परत मागतो. त्या बायांकडून. आणि सगळ्यांत सारखी वाटतो."

"साहेब, ते देनं न्हवतं. ठेव व्हती."

"कोर्टाला तो फरक दिसत नाही. कोर्टाच्या लेखी ही अंबूबाई तुमची सावकार."

हिंदुराव हसले. खरंच हसू आलं त्यांना. "आंबूबाई सावकार?"

मला मात्र हसू आलं नाही. अंबूबाईने पैसे हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या अंगाला आपल्या झोपडीवर पत्रे चढवले होते, आणि मी ते रस्त्यावरून पाहिले होते. तो गोणपाट गेला हे बघून मला बरं वाटलं होतं. आता कोर्टाचा माणूस तिच्या दारात जाऊन ते पैसे मागणार. ती कुठून देणार? पत्रे काढून?

"मग तीन महिने थांबू," मी म्हटलं. "नंतर अर्ज देऊ."

"थांबा. पण तोवर संरक्षण नाही. आणि दुसरं असं, की नादार ठरवा असा अर्ज फक्त देणेकऱ्यानेच द्यावा असं नाही. सोपानरावही देऊ शकतात. ठेवी वाटल्याचं त्यांच्या वकिलाला कळलं तर तो त्यांना हाच रस्ता दाखवेल. मी असतो तर दाखवला असता."

आम्ही परतीची गाडी धरली. खडकी गेल्यावर यशोदाबाई म्हणाली, "सोपानरावाला आजच गाठा. दुसऱ्या कुनी सांगायच्या आत." तिला सवाल सुचायचे, तशी उत्तरंही तिलाच सुचायची.

चिंचवडला उतरून आम्ही थेट वखारीत गेलो. तोवर उशीर झालेलाच होता. सोपानराव तराजूशी उभे होते आणि आम्हाला बघताच त्यांनी हमालाला बाहेर जायला सांगितलं.

"या हिंदुराव. सोनं इकलं म्हनं."

"इकलं."

"माजी ज्वारी खाल्ली दोन वरसं. मी म्हनलं, मानूस अडचनीत हाय, देईल. आन पैका हातात आला तवा माज्या दाराकडं बघितलं बी न्हाई. बिगाऱ्यांच्या झोपड्या हिंडला. कालच माजा वकील सांगत व्हता. म्हनला, अर्ज टाका, समदं परत येतंय."

ते खरं बोलत होते, आणि त्यांना लागलं होतं हे दिसत होतं. मी दोन शब्द बोलायला तोंड उघडलं तर हिंदुरावांनी मला हाताने थांबवलं.

"सोपानराव, तुमचं देनं हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. जप्ती आना. शेड घ्या, बाकडी घ्या. तुरुंगात घालायचं तर घाला, मी चालत येतो. पन त्यो अर्ज देऊ नका. त्या बायांच्या दारात कोर्ट जाईल."

"तुरुंगात घातलं तर तुमचा जेवनखर्च मला भरावा लागतोय. वकिलानं सांगितलं त्ये बी. ज्यानं घेतलं त्यो बसून खानार आन ज्यानं दिलं त्यो भरनार." सोपानरावांनी तराजूचं पारडं हाताने दाबून सोडलं. "मला येक सांगा. मी बी पैसं दिलं, त्या आंबूबाईनं बी दिलं. माजं ऱ्हायलं, तिचं फिटलं. असं का? ती गरीब म्हनून?"

"गरीब म्हनून न्हाई." हिंदुरावांना बोलायला जड जात होतं. "तुमी इकलं, म्या घेतलं. त्यात तुमाला नफा व्हता, मला बी व्हता. धंद्यात बुडालं तर दोघांचं बुडतं. तिनं मला काय इकलं न्हाई. तिनं म्हनलं, ठेवा. आन म्या तिला न इचारता चिंधी सोडली. सोपानराव, ती चोरी व्हती. तुमची उधारी हाय. चोरीचं आदी देतात."

यशोदाबाईने पदर तोंडाला लावला. नवऱ्याने ते असं मोठ्याने म्हणावं याची ती महिनोन्‌महिने वाट बघत असावी.

सोपानराव पोत्यावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला वाचता येईना. मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बरं. मग माजी बी ठेवच समजा."

"काय म्हनलात?"

"आजपासनं त्ये सतराशे उधारी न्हाई. मी तुमच्यापाशी ठेवल्यात. हुकूमनामा पेटीत पडून ऱ्हाईल, मी दरखास्त देत न्हाई, त्यो अर्ज बी देत न्हाई. मला लागतील तवा मागंन. जमंल तसं देत चला."

हिंदुरावांनी हात जोडले.

यशोदाबाई मात्र चटकन बोलली. "सोपानराव, ह्यो तुमचा डाव हाय."

"हाय, वैनी," सोपानराव म्हणाले. "कोर्टानं मला रुपयाला दोन आनं दिलं असतं. ह्यो मानूस समदं देईल."

मला इतका संताप आला की मी निरोप न घेता बाहेर पडलो. रस्त्यावर हिंदुराव मागून आले तेव्हा मी त्यांना धरलंच. म्हटलं, हिंदुराव, तुम्हाला काही कळतंय का? तो अर्ज देत नाही म्हणाला, मग तीन महिने गप्प बसून आपलाच अर्ज टाकायचा होता. त्या बायांचे पैसे तिसऱ्या महिन्याअखेर सुरक्षित झाले असते आणि कायद्याने तुम्हीही आज ना उद्या मोकळे झाला असतात. सरकारने सोय करून ठेवली आहे ती कशाला? त्या थेरगावकराने एका शब्दात तुमच्या गळ्यात धोंडा बांधला आणि तुम्ही बांधून घेतलात. पुढे दहा वर्षं फेडत बसाल.

"बसंन," ते म्हणाले.

"का पण?"

ते चालायचे थांबले. रस्त्याच्या कडेला, लोक जात-येत असताना, या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. ठेवी परत केल्यापासून त्या सबंध वस्तीत कोणी त्यांच्या हातात ठेवायला एक आणा दिला नव्हता. मधला शनिवार आला आणि गेला. माणसं जेवत होती, रोखीने पैसे टाकत होती आणि उरलेला हप्ता कनवटीला लावून उठत होती. हे मी त्या रात्री समोर बसून बघितलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "नादार मानसापाशी कुनी ठेव ठेवतं का?"

"नाही."

"सोपानराव येडा हाय का?"

मी म्हटलं, तो वेडा असता तर बरं झालं असतं.

"मग झालं तर," हिंदुराव म्हणाले. "वकीलसाहेबांना कळवा, अर्ज नको." आणि रात्रीच्या जेवणाला पिठलं करायचं की आमटी, हे विचारायला ते मागून येणाऱ्या यशोदाबाईकडे वळले.